ग्वायूले : गरजेपुरते आठवलेले झुडूप

गाजर गवत अथवा काँग्रेस गवत या नावाने आपण ज्या तणाला ओळखतो, त्याची ओळख महाराष्ट्रात कोणास करून द्यावयास नको. १९५५ साली पुण्याच्या उकिरड्यांवर ते वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आले आणि पुढे पाहता पाहता देशभर पसरले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी येथे आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्या स्पर्शाने अंगाला कंड सुटते, गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, आणि उपटले तरी ते पुन्हा उगवते. या तणाचे शास्त्रीय नाव पार्थेनियम. आता गंमत अशी की, याच पार्थेनियम कुळात जन्मलेली एक दुसरी वनस्पती आहे. तिच्यासाठी कंपन्या उभ्या राहिल्या, कायदे झाले, सेनाधिकाऱ्यांनी अहवाल लिहिले, आणि तारेच्या कुंपणाआड कोंडलेल्या माणसांनी तिच्यावर संशोधन केले. तिचे नाव ग्वायूले. आजच्या व्याख्यानाचा विषय ही वनस्पती आहे. परंतु खरे पाहता, गरज पडली की विद्येला हाक मारावयाची आणि गरज सरली की तिला दाराबाहेर काढावयाचे, या राज्यकर्त्यांच्या जुन्या सवयीचा हा इतिहास आहे.

ग्वायूलेचे माहेर म्हणजे मेक्सिकोच्या उत्तरेकडील उंच, कोरडे पठार आणि त्याला लागून असलेला टेक्सासचा कोपरा. त्या मुलखाला चिवावाचे वाळवंट म्हणतात. पाऊस वर्षाकाठी दहा-पंधरा इंच, जमीन चुनखडीची, दिवसा ऊन आणि रात्री गारठा. अशा ठिकाणी हे दोनेक फूट उंचीचे झुडूप वाढते. त्याच्या पानांवर बारीक लव असते, त्यामुळे ते दुरून राखी-रुपेरी दिसते. 'अर्जेंटाटम' हे त्याच्या शास्त्रीय नावातले पद याच रुपेरीपणावरून पडले. १८५२ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सरहद्दीची मोजणी चालू असताना बिगेलो नावाच्या डॉक्टराने या झुडपाचा नमुना गोळा केला, आणि १८५९ साली एसा ग्रे या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

या झुडपात रबर आहे. परंतु कसे आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्यावर अवलंबून आहे. आपल्या रुईचे पान तोडले की पांढरा चीक टपकतो. केरळातल्या मळ्यांत जे रबराचे झाड असते त्याच्याही सालीत चिकाच्या नळ्या असतात. सालीला तिरपी खाच पाडली, खाली वाटी बांधली, की चीक आपोआप गोळा होतो, आणि झाड वर्षानुवर्षे जगते. ग्वायूलेचे तसे नाही. त्याची फांदी मोडा, पान चुरगळा, चिकाचा थेंब दिसावयाचा नाही. त्याचे रबर सालीतल्या आणि खोडातल्या साध्या पेशींत, एकेका पेशीत वेगळे कोंडलेले असते. वाळलेल्या झुडपाच्या वजनाच्या सुमारे दहावा भाग रबर, आणि जवळजवळ तितकीच चिकट राळ. ते मिळवावयाचे तर झुडूप तोडून कुटले पाहिजे. पेशी फोडल्यावाचून ते हाती येत नाही.

१८७६ हे साल रबराच्या इतिहासात मोठे आहे. त्या वर्षी हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यांपैकी थोड्याच रुजल्या; पण श्रीलंकेतले आणि मलायातले मळे त्यांच्याच वंशाचे. आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात मेक्सिकोच्या दुरांगो प्रांताने ग्वायूलेचे रबर मांडले होते. एकाच्या मागे साम्राज्याची बागायत उभी राहिली. दुसरे प्रदर्शन संपल्यावर विसरले गेले.

मोटारगाडी आली आणि रबराचा भाव चढू लागला, तेव्हा ग्वायूलेची पहिली आठवण झाली. ते काढण्याची युक्ती मोठी सोपी होती. झुडपे तोडून, पाणी आणि गोटे घातलेल्या फिरत्या पिंपात टाकावयाची. गोट्यांनी पेशी फुटतात, रबराचे कण एकमेकांना चिकटून अळ्यांसारखे लांबट तुकडे होतात आणि पाण्यावर तरंगतात. भुसा पाणी पिऊन तळाशी बसतो. १९०४ च्या सुमारास तोरेओन शहराच्या परिसरात कारखाने सुरू झाले. रॉकफेलर, गुगेनहाइम अशा बड्या अमेरिकन घराण्यांचे भांडवल त्यांत होते, तसे मेक्सिकोच्या मादेरो घराण्याचेही होते. १९१० साली रबराचा भाव पौंडाला तीन डॉलरच्या आसपास गेला, आणि त्या सुमारास जगातल्या रबराचा जवळजवळ दहावा हिस्सा या वाळवंटातल्या झुडपाने पुरविला. लॉइड या वनस्पतिशास्त्रज्ञाचा ग्वायूलेवरील पहिला सविस्तर ग्रंथ १९११ साली निघाला.

परंतु हे सारे रान ओरबाडून चालले होते. लागवड कोणी केली नव्हती. मजूर झुडपे मुळासकट उपटीत आणि गाढवांवर लादून कारखान्यात आणीत. सावकाश वाढणारे झुडूप, दरसाल हजारो टनांची उपट. हिशोब कोणालाही करता आला असता. तशात १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली. तिचा पहिला पुढारी फ्रान्सिस्को मादेरो हा याच ग्वायूलेवाल्या घराण्यातला. तो १९११ मध्ये अध्यक्ष झाला आणि १९१३ मध्ये मारला गेला. धामधुमीत कारखाने बंद पडले. कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ मॅक्कॅलम याने तंबाखूच्या डबीतून ग्वायूलेचे बी सरहद्दीपलीकडे नेले, अशी आख्यायिका आहे. डबीची गोष्ट खरी असो वा रचलेली. बी अमेरिकेत गेले आणि आधी अ‍ॅरिझोनात व पुढे कॅलिफोर्नियातील सालिनास येथे मॅक्कॅलमने निवडीची पैदास चालविली, एवढे निश्चित.

यानंतरचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १९३० साली अमेरिकन सैन्याने दोन मेजरांना ग्वायूलेची पाहणी करावयास धाडले. त्यांनी कॅलिफोर्निया, टेक्सास आणि मेक्सिको पालथे घातले आणि लिहिले की, आपले जवळजवळ सर्व रबर आग्नेय आशियातून येते, युद्धात तो मार्ग तुटला तर देश अडचणीत येईल, म्हणून सरकारने ग्वायूलेच्या लागवडीस उत्तेजन द्यावे. या दोघांतल्या एकाचे नाव होते ड्वाइट आयसेनहॉवर. पुढे जो युरोपातल्या दोस्त सैन्याचा सरसेनापती आणि मग अमेरिकेचा अध्यक्ष झाला, तोच हा. तेव्हा मात्र तो साधा मेजर होता आणि साध्या मेजराचा अहवाल दप्तरात जातो. मंदी आली होती. १९३२ साली रबर पौंडाला तीन सेंटांवर उतरले. तीन डॉलरचे तीन सेंट झाल्यावर वाळवंटातल्या झुडपाकडे कोण पाहतो?

बारा वर्षांनी तो अहवाल खरा ठरला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. अमेरिकेच्या रबरापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जेथून येत होते तो मुलूख शत्रूच्या ताब्यात गेला. रणगाडा, विमान, जहाज, सैनिकाचा बूट, कशालाही रबर लागे. अमेरिकेत पेट्रोलवर नियंत्रण आले ते पेट्रोल कमी पडले म्हणून नव्हे. लोकांनी मोटारी कमी चालवाव्यात आणि टायर वाचावेत म्हणून. गाड्यांचा वेग ताशी पस्तीस मैलांवर बांधला गेला. आणि ५ मार्च १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्वायूलेच्या लागवडीचा कायदा मंजूर केला. सालिनासचा कारखाना, बी, मॅक्कॅलमची सारी पुंजी सरकारने विकत घेतली, आणि वनखात्याच्या हाती काम सोपविले. योजना प्रथम ७५,००० एकरांची होती, ती काही महिन्यांत ५,००,००० एकरांवर गेली. गरज दाराशी उभी राहिली की आकडे असे फुगतात. झुडपाला मात्र कायद्याची घाई समजत नाही. भरपूर रबर धरावयास त्याला चार-पाच वर्षे लागतात.

येथून कथेला जे वळण लागते त्यासाठी थोडे मागे जाऊन एक दुसरा हुकूम सांगितला पाहिजे. सिंगापूर पडल्यानंतर चारच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, याच रूझवेल्टांनी काढलेल्या आज्ञेनुसार पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक माणसांना घरेदारे सोडावयास लावून छावण्यांत नेण्यात आले. त्यांतली दोनतृतीयांश माणसे अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकन नागरिक होती. त्यांच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात मांझानार नावाची एक छावणी होती. सुमारे दहा हजार माणसे, लाकडी खोपटी, सोसाट्याचा वारा, धूळ, तारेचे कुंपण आणि पहाऱ्याचे बुरूज.

या छावणीत विश्वविद्यालयांत शिकलेली माणसे होती, रोपवाटिका चालविणारे कसबी माळी होते, आणि त्यांच्या हातांना काम नव्हते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉबर्ट इमर्सन नावाचा शास्त्रज्ञ होता. वनस्पती प्रकाशातून अन्न कसे तयार करतात या विषयात त्याचे नाव आजही घेतले जाते. क्वेकर पंथाच्या संस्कारांत वाढलेल्या या माणसाला नागरिकांना असे कोंडणे सहन होईना. त्याने ठरविले की, या माणसांना ग्वायूलेचे संशोधन द्यावयाचे. सालिनासच्या सरकारी रोपवाटिकेत निवडीतून बाद केलेली, फेकून द्यावयाची रोपे त्याने मिळविली आणि मांझानारला पोचविली. ज्यांना देशाने टाकले होते त्यांच्या हाती टाकलेली रोपे आली.

प्रयोगशाळा नव्हतीच. टाकाऊ पट्ट्या जोडून रोपांसाठी सावलीचा मांडव उभारला. भंगारातले यंत्रभाग जमवून कुटण्याची चक्की बनविली. शिम्पे निशिमुरा हा भौतिकीचा जाणकार, केंजी नोझाकी आणि फ्रँक हिरोसावा हे रसायनज्ञ, वॉल्टर वातानाबे हा रोपे वाढविण्यातला तज्ज्ञ, मासुओ कोदानी हा गुणसूत्रांचा अभ्यासक. अशी ही मंडळी. सरकारी तज्ज्ञांची समजूत होती की ग्वायूले फांदीच्या कलमाने लागत नाही, त्याला बीच पेरले पाहिजे. मांझानारच्या माळ्यांनी कलमे लावून दाखविली. हे लहान काम नव्हते. बियाची रोपे कधी सरस, कधी नीरस निघतात. चांगले झुडूप निवडून त्याचीच कलमे केली तर शेत एकसारखे येते. द्राक्षाच्या किंवा गुलाबाच्या बागाइतदाराला हे वेगळे सांगावयास नको.

कोदानीचे काम याहून सूक्ष्म होते. ग्वायूलेच्या काही झुडपांत ३६ गुणसूत्रे, काहींत ५४, काहींत ७२, असा प्रकार आढळतो, आणि पुष्कळ झुडपे परागकणांच्या संयोगावाचूनच बी धरतात, म्हणजे बी असूनही ते एका अर्थी कलमच. संकर करू पाहणाऱ्याची अशा झुडपाशी फार कुचंबणा होते. या गुणसूत्रांच्या भेदावर प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ लेडयार्ड स्टेबिन्स आणि कोदानी यांचा संयुक्त निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. हाच कोदानी युद्धानंतर हिरोशिमात अणुबाँबच्या आनुवंशिक परिणामांची तपासणी करणाऱ्या पथकात होता. एका आयुष्याने किती पाहावे!

निशिमुरा व हिरोसावा यांनी रबर काढण्याची रीत सुधारली. त्यांच्या रबरात राळ कमी निघाली, आणि चाचण्यांत ते ताणाला अधिक टिकले. यासाठी त्यांना पगार किती होता? छावणीतल्या कोणाही तज्ज्ञाला मिळे तितकाच, महिना १९ डॉलर. डिसेंबर १९४२ मध्ये याच छावणीत दंगा उसळला, लष्करी पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी दोन तरुण मेले. आणि तरीही मांडवातल्या कलमांना पाणी घातले जात राहिले. त्यामागे देशनिष्ठा सिद्ध करण्याची धडपड होती, की हाताला काम मिळाल्याचे समाधान, की निव्वळ जिज्ञासा? माझ्या मते तिन्ही होती, आणि ती एकमेकांपासून वेगळी करता येणार नाहीत. रबराची हाव त्या वर्षांत दुसरीकडेही कैद्यांपर्यंत पोचली होती. नाझींनी आउश्वित्झजवळ रायस्को येथे रबर देणाऱ्या एका रशियन रानफुलावर कैदी स्त्रियांकडून संशोधन करविले. दोन्ही जागांची तुलना करणे अन्यायाचे होईल. त्या दुसऱ्या ठिकाणी मृत्यू हाच नियम होता. केवळ काळाची खूण म्हणून तिचा उल्लेख केला.

इकडे वनखात्याच्या योजनेला ओहोटी लागली. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांना युद्धात भाजीपाल्याचे चांगले पैसे मिळत होते. चार वर्षे जमीन अडकवून ठेवणारे झुडूप त्यांना नको होते. शिवाय खनिज तेलापासून कृत्रिम रबर करण्याचे कारखाने धडाक्याने उभे राहिले. युद्ध संपतेवेळी त्यांचे उत्पादन वर्षाला सात लाख टनांच्या वर गेले होते. त्यापुढे सुमारे ३२,००० एकरांवर लावलेल्या ग्वायूलेने सर्व मिळून दिलेले रबर जेमतेम ३० लाख पौंड, म्हणजे दीड हजार टनांच्या आत. हा आकडा पाहून योजना फसली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु झुडपे अजून उभी होती, बहुतेकांचे वय काढणीच्या मानाने कच्चे होते, आणि १९४६ साली योजना गुंडाळण्यात आली. शेते मालकांना परत करावयाची म्हणून रबराने भरलेली झुडपे नांगरून काढली आणि जाळली. रबराचा धूर काळा असतो; सालिनासच्या खोऱ्यात तो कसा दिसला असेल याची कल्पना करावी. 'गरज सरो, वैद्य मरो' अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे वैद्याबरोबर औषधही जाळले. मांझानारची छावणी त्याआधीच, नोव्हेंबर १९४५ मध्ये, बंद झाली होती. निशिमुरा, हिरोसावा आणि इमर्सन यांचा ग्वायूलेच्या रबरावरील निबंध १९४७ साली एका मान्यवर रसायन-नियतकालिकात छापला गेला, तेव्हा तो उपयोगात आणणारे कोणी उरले नव्हते. इमर्सन १९५९ साली विमान-अपघातात गेला. छावण्यांतल्या हयात माणसांना अमेरिकन सरकारने क्षमायाचनेसह प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ साली.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले. कृत्रिम रबर तेलापासून होते. तेव्हा पुन्हा झुडपाची आठवण! मेक्सिकोने साल्तियो येथे प्रायोगिक कारखाना काढला, अमेरिकेत १९७७ साली विज्ञान अकादमीचा अहवाल आला, १९७८ साली कायदा झाला. तेल स्वस्त झाले आणि पुन्हा सारे थंडावले. या फेरीबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

यापुढे ग्वायूलेला हाक आली ती रणांगणातून नव्हे, तर इस्पितळातून. १९८० नंतर एड्सचा रोग जगापुढे आला, आणि प्रत्येक रोग्याला हात लावताना डॉक्टर-परिचारिकांनी रबरी हातमोजे घालावेत असा दंडक झाला. मोज्यांची मागणी प्रचंड वाढली, घाईघाईने कारखाने निघाले, आणि चीक नीट धुतला न गेलेले मोजेही बाजारात आले. थोड्याच वर्षांत परिचारिकांच्या हातांना गांधी येऊ लागल्या, कोणाला दमा लागला, आणि काही रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर एकाएकी गुदमरले, काही दगावलेही. कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे वारंवार शस्त्रक्रिया सोसणाऱ्या मुलांना हा त्रास विशेष होई. शोधाअंती दिसले की दोष रबराचा नव्हे. रबराच्या झाडाच्या चिकात जी नाना प्रकारची प्रथिने असतात, त्यांतली काही या माणसांच्या शरीराला वैरी वाटतात.

अमेरिकन कृषिखात्याच्या कॅलिफोर्नियातील आल्बनी येथील प्रयोगशाळेत कॅट्रिना कॉर्निश ही संशोधिका वनस्पती रबर कसे घडवितात याचा अभ्यास करीत होती. ग्वायूलेच्या रबराला नळ्यांतल्या चिकाची सोबत नसते, हे आपण मघाशी पाहिले. ज्या गोष्टीमुळे ते काढावयास अवघड, तीच येथे उपकारक ठरली. त्यात प्रथिने फार थोडी, आणि जी आहेत ती वेगळ्या जातीची. रबराच्या झाडाच्या प्रथिनांना भिणारे शरीर त्यांना ओळखीत नाही. कॉर्निश व तिच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात हे दाखवून दिले, आणि झुडूप ओले असतानाच कुटून, रबराचे कण चिकटू न देता दुधासारखा द्रव मिळविण्याची रीत बसविली, कारण मोजे द्रवात साचे बुडवूनच होतात. त्या रिवाजाचा परवाना यूलेक्स या कंपनीने घेतला, आणि एप्रिल २००८ मध्ये ग्वायूलेच्या वैद्यकीय हातमोज्याला अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रकांची मान्यता मिळाली. गाजर गवताच्या बहिणीने त्वचेचा विकार टाळणारे मोजे द्यावेत, हा निसर्गाचा विनोदच म्हणावयाचा. मात्र तोवर तेलापासून होणारे नायट्राइलचे स्वस्त मोजे इस्पितळांत रुजले होते, आणि ग्वायूलेच्या मोज्यांना मोठी बाजारपेठ लाभली नाही.

टायरवाल्यांनी मात्र अलीकडे पुन्हा लक्ष घातले आहे. दक्षिण अमेरिकेत रबराच्या झाडाला पानांचा एक करपा लागतो. त्याने ब्राझीलमध्ये हेन्री फोर्डच्या मळ्यांची धूळधाण केली. आशियातले बहुतेक मळे विकहॅमने आणलेल्या त्या मूठभर बियांचे वंशज असल्याने तो रोग इकडे आला तर काय, ही धास्ती जाणत्यांना आहे. केरळच्या बागाइतदारांनाही ती असावयास हवी. ब्रिजस्टोन या जपानी कंपनीने अ‍ॅरिझोनातील मेसा येथे २०१४ साली ग्वायूलेचे संशोधन-केंद्र उघडले, दुसऱ्या वर्षी त्या रबराचे टायर बनविले, आणि २०२२ साली अमेरिकेतल्या मोटार-शर्यतींत ते धावले. मांझानारची आठवण ज्यांना आहे त्यांना त्या कंपनीचे जपानीपण लक्षात आल्यावाचून राहणार नाही.

अ‍ॅरिझोनातल्या कोलोरॅडो नदीच्या कालव्यांचे पाणी २०२२ पासून बरेच तोडण्यात आले, त्यामुळे कापूस आणि घासाची शेते पडीक पडू लागली आणि कमी पाण्यात तगणाऱ्या या झुडपाकडे तेथील काही शेतकरी वळले. लावणीनंतर दोनेक वर्षांनी पहिली काढणी करतात. मादेरोंच्या काळाप्रमाणे ते आता मुळासकट उपटीत नाहीत. जमिनीपासून चार-सहा बोटे सोडून यंत्राने छाटतात आणि बुंधा तसाच ठेवतात. आपल्याकडे उसाचा खोडवा राखतात तसा हा ग्वायूलेचा खोडवा. पाणी मिळाले की तो पुन्हा फुटतो, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसऱ्या काढणीला येतो.